दहावं नाव

माझ्या मेलेल्या लेकीला तुम्ही हजर मांडलंत, साहेब. तिच्या वाटणीची खिचडी खाल्लीत, तांब्यातलं पाणी प्यालात, रुमालाला हात पुसलेत आणि सही केलीत.

आषाढ होता. शाळा तपासायला घाट चढून आमच्या धनगरवाड्यावर आलात तेव्हा तुमच्या पोटऱ्यांना सात-आठ जळवा चिकटल्या होत्या. शाळेच्या पायरीवर बसून तुम्ही "अरे काढा, काढा" करत होतात आणि माझी धाकटी वैजंता, सात वर्षांची, वाटीत मीठ घेऊन तुमच्या पायाशी बसली होती. चिमटीनं एकेका जळवेवर मीठ टाकायची. जळू आखडून खाली पडली की तुमच्याकडं बघून हसायची. तुम्ही तिच्या डोक्यावर हात ठेवलात. चुलीपुढनं मी ते बघितलं. शाळेच्या पोरांची खिचडी मीच रांधायची.

चौदा घरांचा आमचा वाडा. एका खोलीची शाळा, पहिली ते चौथी, एकच गुरुजी. पोरं दहा असली तर शाळा राहील, नऊ झाली की बंद, असा तुमचा कागद आलेला. पुढची शाळा खाली, दोन ओढे आणि मधलं रान ओलांडून दीड तासाच्या वाटेवर. त्या वाटेनं सात वर्षांच्या पोरीला कोण धाडणार होतं? ते तुम्हालाही ठाऊक होतं, तुमच्या पायाला रक्त होतं.

नलवडे गुरुजींनी हजेरीचं पुस्तक उघडलं. चौथीपासनं सुरुवात.

"सुगंधा कोंडिबा आखाडे."

पत्र्यावर पाऊस वाजत होता. गुरुजींनी पुन्हा नाव घेतलं, या वेळी वैजूकडं बघून. वैजू उठली.

"हजर."

चार-पाच नावं गेली. मग "वैजंता कोंडिबा आखाडे."

तीच उठली. "हजर."

तेव्हा तुम्ही मान वर केलीत. बोट हवेत नाचवत डोकी मोजलीत. नऊ.

"गुरुजी, दहावी कुठाय?"

"बाहेर गेलीय, साहेब."

"एवढ्या पावसात?"

"होय, साहेब. पोट बिघडलंय."

तुम्ही गुरुजींकडं बघितलंत. मग वैजूकडं. तुम्हाला कळलं होतं, साहेब. न कळायला तुम्ही काही कालचं पोर नव्हता. तुम्ही हसलात आणि म्हणालात, "बाळ, पुढच्या खेपेला आवाज जरा बदलून म्हण हां."

पोरं खिदळली. वैजूही हसली. गुरुजी गळ्याचा घाम पुसत हसले. मग पंगत बसली. दहा नावांचा तांदूळ मी मापून शिजवला होता, दहा ताटं मांडली होती. नऊ पोरं बसली आणि दहाव्या ताटावर तुम्ही. "छान झालीय हो बाई," म्हणालात. मी तुम्हाला दुसऱ्यांदा वाढलं.

सुगंधा त्याच्या आधीच्या भादव्यात गेली होती. ताप डोक्यात चढला. आमच्याकडं रस्ता नाही, म्हणून बांबूला घोंगडं बांधून डोली केली आणि चौघांनी घाट उतरवला. पायथ्याच्या आंब्याखाली डोली टेकली तेव्हा पोरीचा हात घोंगड्याबाहेर लोंबत होता. मी तो उचलून आत ठेवला तर तो राहीना. नऊ वर्षांची होती. तिसरीत. उन्हाळ्यात निकाल लागला आणि गुरुजींनी तिला चौथीत घातली. मेलेली पोर पास झाली, साहेब, तुमच्या राज्यात.

तुम्ही येईपर्यंत ते नाव नुसतं कागदावर होतं. गुरुजी नाव घ्यायचे, कुणी ओ द्यायचं नाही, गुरुजी खूण करायचे, पुढचं नाव. तुम्ही येऊन गेलात आणि वैजूनं तुमचं ऐकलं. शहाणी पोर होती, मोठ्या माणसानं सांगितलेलं ऐकायची.

दुसऱ्या दिवशी मी तांदूळ धूत होते. आत हजेरी चालू झाली.

"सुगंधा कोंडिबा आखाडे."

"हज्जर, गुर्जी."

माझ्या हातातलं पातेलं पायावर पडलं. वैजूचा आवाज चिमणीसारखा बारीक. सुगंधाचा जाडा, घशातनं आलेला, आणि 'हजर' म्हणताना ज दाबून म्हणायची, जसं काही पाटावर पोळी लाटतेय. तो तस्साच आवाज. मी दारात जाऊन बघितलं. वैजूच उभी होती. थोरलीच्या जागेवर, खिडकीखाली, थोरलीचाच फ्रॉक घातलेली.

मधल्या सुट्टीत मी तिला धरलं. "वैजे, काय गं हे?"

"सायबांनी सांगितलंय. आवाज बदलायचा."

"पर तायडीचाच का?"

"मग तिच्या नावाला आनी कुनाचा काढू?"

पोरीचं चुकत कुठं होतं?

असा महिना गेला. एका दुपारी घरी मी दळण निवडत बसले होते आणि मागल्या दारी ती एकटीच खेळत होती. दोघींचं बोलणं ऐकू येत होतं. एक जाडा आवाज, एक बारीक. जाडा आवाज बारकीला रागावत होता, पाटी नीट धर म्हणत होता. हळूहळू बारीक आवाज कमी झाला. मग थांबलाच.

"वैजे," मी हाक मारली.

मी सूप खाली ठेवलं.

"ए वैजे, ऐकतीस का?"

दारात येऊन उभी राहिली. दोन वेण्या, लाल रिबिनी, कपाळावर थोरली लावायची तशी आडवी टिकली. मला म्हणाली, त्या जाड्या आवाजात, "वैजू न्हाय घरात, आये."

"कुठं गेली?"

"भाईर गेलीया."

मी उठले, तिचं दप्तर उलटं केलं. वह्या काढल्या. दुसरीची वैजूची वही, पहिल्या पानापास्नं शेवटच्या पानापर्यंत एकच नाव, सुगंधा कोंडिबा आखाडे, सुगंधा कोंडिबा आखाडे. अक्षर सुबक. माझ्या वैजूचं नाव वहीच्या कव्हरावर होतं, तेही खोडलेलं.

तशीच तिला बखोटीला धरून गुरुजींकडं नेलं. गुरुजी शाळेच्याच पडवीत राहायचे. तवा चुलीवर होता, उलथनं हातात.

"गुरुजी, नाव काटा."

त्यांनी विचारलंसुद्धा नाही कुणाचं. "हौसाबाई, बसा जरा."

"बसत न्हाय. नाव काटा थोरलीचं. आत्ता."

"काटलं की नऊ. नऊ झाले की मला खाली बोलावतील आणि इथं कुलूप. मग ही तरी कुठं शिकणार?"

"आन न्हाय काटलं तर?"

"आणखी दीड वर्ष. सुगंधा चौथी पास झाली की तिला सोडल्याचा दाखला देऊन टाकू. तोवर खालच्या घरचं एखादं पोर पहिलीत येईल. दीड वर्ष कळ काढा."

"गुरुजी, चौथीला दीड वर्स लागत न्हाय."

"एखाद्या वर्षी नापास करू."

तव्यावरची भाकरी करपत होती. वाईट माणूस नव्हता तो. बायको-पोरं खाली तालुक्याला ठेवून चिखलातनं वर यायचा, पोरांच्या डोक्यातल्या उवा काढायचा. पण मेलेल्या पोरीला नापास करायचा विचार त्याच्या तोंडून सहज निघाला, आणि निघाल्यावर आम्ही दोघांनीही तो ऐकला.

मी म्हणाले, "उद्यापासनं वैजी शाळेत यायची न्हाय. मी घरात शिकवीन."

"तुम्ही?"

"सातवी झालीया माझी. दुसरीला सातवी पुरती."

"म्हणजे दोन्ही नावं..." त्यांनी बोटं मोजली. "आठ."

सकाळपर्यंत सगळ्या वाड्याला कळलं. थोरले भाऊजी, गंगाराम, आमच्या ओट्यावर येऊन बसले. मागं सहा-सात बायामाणसं. त्यांची जनी तिसरीत होती, वर्गात सगळ्यात हुशार.

"हौसा," भाऊजी म्हणाले, "तुझ्या एकीपायी आठ पोरांची शाळा बुडवतीस?"

"माझी पोर बुडतीया, भाऊजी."

"काय बुडती? हजर म्हनाया काय पैसं पडत्यात? दोन सबुद बोलायचं."

मागनं जाऊबाई म्हणाली, "लई शिकलीस म्हनून अशी करतीस. सातवीवाली मास्तरीन! म्हशी हसत्याल."

"म्हशी हसू द्यात. म्हशी निदान मेलेल्या रेडकाला जित्तं म्हनत न्हाईत."

"तोंड आवर," भाऊजी उठले. "आमच्या पोरी उद्या म्हशीमागं गेल्या तर ते पाप तुझ्या पदरात, ध्यानात ठेव."

ध्यानात ठेवलं. अजून ठेवलंय.

वैजूचा बा एवढा वेळ खांबाला टेकून उभा होता. सगळे गेल्यावर त्यानं गोठ्याचं पत्र्याचं दार बिजागरीतनं काढलं, आणून घराच्या भिंतीला टेकवलं, आणि चुलीतला कोळसा कुटून पाण्यात कालवून त्याला फासायला लागला.

"गोठ्याला दार?" मी विचारलं.

"म्हशी कुठं जात न्हाईत," तो म्हणाला.

झाला फळा. संध्याकाळी मागल्या दाराच्या उंबऱ्यावर खडूचा डबा सापडला. अख्खा, न उघडलेला. गुरुजींशिवाय कुणाकडं असणार?

आता घरी शिकवायचं म्हणजे काय, हे मला कुणी सांगितलं नव्हतं, साहेब. मी आपली पहाटेची कामं उरकली, लुगडं नीट नेसले, पोरीला फळ्यापुढं पोत्यावर बसवलं आणि फळ्यावर 'अ' काढला. ती दुसरीतली. 'अ' तिला कधीच येत होता. तिनं माझ्याकडं असं बघितलं की मीच पुसून टाकला. मग बेरजा घातल्या. हात लावला नाही. म्हशी मोजायला लावल्या, दुधाची मापं विचारली, पुस्तक हातात दिलं. पहिला दिवस तसाच. दुसऱ्या दिवशी मी ओरडले. तिसऱ्या दिवशी हात उगारला आणि उगारलेला हात खाली घेऊन आत जाऊन रडून आले.

परत आले तर पोर तशीच बसलेली. मांडीवर पाटी.

"का गं लिवत न्हाईस?"

"शाळा कुठं भरलीया?" ती म्हणाली. तीन दिवसांत पहिल्यांदा तोंड उघडलं. "हजेरी झाल्याबगर शाळा भरत न्हाय."

खरं होतं. मी दुधाची जुनी वही आणली, मागचं कोरं पान काढलं, रेघा मारल्या. उभी राहिले. घसा साफ केला.

"वैजंता कोंडिबा आखाडे."

ती पाटीवर बोट फिरवत राहिली.

"वैजंता कोंडिबा आखाडे!"

"आदी तायडीचं असतंय," ती म्हणाली. "चौथी आदी."

साहेब, आता जे सांगते ते मी कुणाला सांगितलेलं नाही. वैजूच्या बाला नाही, भाऊजींना नाही. सगळे शिव्याशाप तुमच्या नावानं देऊन मी मोकळी झाले असते, पण हे आडवं येतं.

सुगंधाच्या बाराव्याला गुरुजी आले होते. सगळे उठून गेल्यावर थांबले. खिशातनं कागद काढला. मुलगी नियमित शाळेत येते, असं पालकानं लिहून द्यायचं. म्हणाले, "हौसाबाई, तुम्ही नाही म्हणालात तर मी एक शब्द बोलणार नाही." वाड्यातल्या सगळ्या बायका अंगठा उठवतात. सही मला एकटीला येते. मी केली. आणि शाळेसाठी केली, वैजूसाठी केली, असं मी जगाला सांगितलं असतं, पण तसं नव्हतं. सही करायच्या आधी मी गुरुजींना विचारलं होतं, "रोज नाव घ्याल का तिचं? मोठ्यानं? मला चुलीपाशी ऐकू येईल असं?"

गुरुजींनी मान डोलावली. डोळ्याला उपरणं लावलं.

म्हणून दहा महिने मी तांदूळ धुवायची वेळ हजेरीच्या वेळेवर आणून ठेवली होती. आणि तुम्ही येऊन गेल्यावर जेव्हा नावाला ओसुद्धा यायला लागली, त्या आवाजात, तेव्हा पहिल्या दिवशी पातेलं पायावर पडलं, खरं. पण दुसऱ्या दिवशी मी पातेलं खाली ठेवून, हात कोरडे करून, दाराआड उभी होते. तिसऱ्या दिवशीही. महिनाभर. पोरीला मी एकदा विचारलं, थांबवलं नाही. थांबवलं असतं तर आवाज बंद झाला असता ना. माझी एक लेक रोज सकाळी थोडी थोडी दुसरीत बुडत होती आणि मी, तिची आई, कान देऊन उभी होते.

आणि आता ती पोत्यावर बसून म्हणत होती, आधी तायडीचं.

मी नाव घेतलं.

"सुगंधा कोंडिबा आखाडे."

पोर उठली. छाती भरून श्वास घेतला. तो आवाज तिच्या गळ्यापर्यंत आलेला मला दिसला, साहेब, मानेची शीर फुगलेली दिसली. एक डाव ऐकून घ्यावा असं मला वाटलं. देवाशप्पथ वाटलं. शेवटचा एकदा.

मी तिच्या आधी बोलले.

"गैरहजर."

तोंड उघडंच राहिलं तिचं. "का?"

"मेली."

हा शब्द घरात पहिल्यांदा उच्चारला. आमच्यात गेली म्हणतात, देवाघरी गेली म्हणतात. पण 'गेली' म्हटलं की पोरीला वाटणार, बाहेर गेलीय, येईल.

"कवा?"

"भादव्यात. डोलीत. आंब्याखाली टेकली तवा श्वास न्हवता."

तिनं बोटं मोजली. भादवा सोडून दसऱ्याचा महिना, दिवाळीचा, करत करत श्रावणापर्यंत आली. अकरा. गणित चांगलं होतं तिचं. मग मान वर करून, तिच्या स्वतःच्या बारीक आवाजात, तिनं मला विचारलं, "मग एवढं दिवस हजर कोन म्हनत हुतं?"

फळ्यापुढं उभी राहिलेली मास्तरीण मी, आणि पहिल्याच प्रश्नाला नापास.

"ठाव न्हाय," मी म्हणाले. "मला ठाव न्हाय, बाय."

मग पुन्हा वही धरली आणि म्हणाले, "वैजंता कोंडिबा आखाडे."

गोठ्याला दार नव्हतं, तिथनं एक म्हैस मान बाहेर काढून आमच्याकडं बघत होती. पोर तिच्याकडं बघत राहिली. मग मान खाली घालून, कुणाला ऐकू जाऊ नये असं म्हणाली, "हजर."

मी खूण केली. शाळा भरली.

तुमची शाळा दिवाळीनंतर बंद झाली. नलवडे गुरुजींना खाली पाठवलंत. निघताना ते आमच्या दारावरनं गेले, थांबले नाहीत. मलाही बाहेर जायचं झालं नाही. आठ पोरांपैकी तीन पुढं माझ्या पत्र्याच्या दारापुढं येऊन बसायला लागली. पाच आली नाहीत. जनी आली नाही. भाऊजींनी शब्द पाळला, तिला म्हशीमागं धाडली. अजून वाटेत दिसली की माझ्याकडं बघून डोक्यावरचा भारा दुसऱ्या बाजूला घेते.

त्या पाच पोरांचं उत्तर मला द्यावं लागतं. सही माझी होती आणि नाव काढलं तेही मीच. ते मी देते, रोज देते, कुणी विचारो न विचारो.

तुम्ही मात्र त्या साली पुन्हा एकदा वर आलात. पौषात, कोरड्या वाटेनं, जळवा नव्हत्या. वैजूला शाळाबाह्य म्हणून नोंदायला. फळ्याकडं बघून मला विचारलंत, "ही काय शाळा आहे? तुमची पात्रता काय?" मी म्हटलं, "मी डोकी मोजते, साहेब." तुम्हाला काही आठवलं नाही. वैजू तुमच्यासमोर उभी होती. तुम्ही तिच्या डोक्यावर पुन्हा हात ठेवलात आणि विचारलंत, "नाव काय बाळ तुझं?"

ती आधी माझ्याकडं बघायला लागली.

आज ती बावीस वर्षांची आहे. खाली नोकरी करते, चांगली शिकली. पण आजही कुणी एकदम हाक मारली तर ती लगेच ओ देत नाही. थांबते. कुणीतरी आधी बोलेल, असं क्षणभर थांबते. मग बोलते.

मागच्या महिन्यात आली होती. भाकरी खाता खाता तिनं तोच प्रश्न पुन्हा विचारला, हसत विचारला, पण घास हातातच होता. मी तेच म्हणाले, ठाव न्हाय. मी खरंच सांगते. दाराआड उभी राहून मी महिनाभर ऐकलं, साहेब, आणि मला ठाऊक नाही.

पण मी दाराआड होते. तुम्ही खोलीत होता. तुम्ही मान वर केलीत, डोकी मोजलीत, तिच्या तोंडाकडं बघितलंत, हसलात, सही केलीत. सही करणाऱ्याला ठाऊक असलं पाहिजे. म्हणून हा कागद. पोरीला तिचं उत्तर पाहिजे.

एवढे दिवस हजर कोण म्हणत होतं, साहेब?